शिजवलं कोणी, आवरलं कोणी?

गेल्या रमजानच्या चौथ्या रोज्याला अम्मी न्हाणीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. बायको परिचारिका आहे. त्या महिन्यात तिची दुपारची पाळी होती, घरी यायला रात्रीचे नऊ वाजायचे. त्यामुळे इफ्तारची जबाबदारी माझ्यावर आली. मला स्वयंपाक येतो, असं मी आजवर चारचौघांत सांगत आलो होतो. वर्षातून पाच-सहा वेळा बिर्याणी करायची आणि पाहुण्यांकडून वाहवा घ्यायची, एवढंच त्यामागचं भांडवल.

पहिल्या संध्याकाळी मी कांदाभजी, चणे, फळांची चाट, खिमा आणि भात केला. मगरिबच्या अजानला पाच मिनिटं असताना सगळं दस्तरखानवर होतं. शेजारहून आलेली फुफी म्हणाली, “माशाअल्लाह, बेटे ने तो कमाल कर दिया.” मी खूश. नमाज पढून आत आलो, तर अम्मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला. ती बराच वेळ ओट्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “पकाया तो तूने. अब समेटेगा कौन?”

मी ओट्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. शेगडीवर बेसनाचे ओघळ वाळून कडक झाले होते. सिंकमध्ये कांद्याची सालं तुंबली होती. खिम्याची रिकामी पिशवी मिठाच्या उघड्या बरणीला टेकून पडली होती. एकाच कामासाठी तीन पळ्या वापरल्या होत्या. भाताच्या गंजाच्या तळाला जाड थर धरला होता. मी भांडी मोजली. चार माणसांच्या जेवणासाठी मी तेवीस भांडी खरकटी केली होती. त्या रात्री तरावीहला मी उशिरा पोचलो, आणि उशीर का झाला हे कोणाला सांगितलं नाही.

या लेखाचं कारण म्हणजे ही तेवीस भांडी. स्वयंपाकाचे दोन भाग असतात, शिजवणं आणि आवरणं. पहिल्या भागाला वास असतो, चव असते, नाव असतं. “अमक्याच्या हातचा खिचडा” असं आपण म्हणतो. दुसऱ्या भागाला यातलं काहीच नाही. तो नीट झाला तर दिसत नाही, राहिला तर मात्र सगळ्यांना दिसतो. अमकीच्या हातचा ओटा काय लख्ख असतो, असं कौतुक मी तरी कोणत्या दावतीत ऐकलेलं नाही. “तिच्या घरात बघवत नाही,” हे मात्र अनेकदा ऐकलंय. माझं म्हणणं इतकंच आहे, की स्वयंपाक करता करता स्वयंपाकघर नीट राहतं की नाही, हा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या गुणाचा प्रश्न नाही. त्या घरात जेवणारे कसे वागतात, त्याचा आहे.

भंडाऱ्याच्या माणसाला हे कळायला हवं होतं. आपलं शहर पितळनगरी म्हणून ओळखलं जातं. माझ्या दादीच्या घरी पाण्याचे गुंड, कोपर, गंज, सगळं पितळेचं होतं. लखलखणाऱ्या त्या फळीसमोर पाहुणे थबकायचे. पण पितळ आपोआप लखलखत नाही. चिंच, राख आणि धानाच्या तणसाचा बोळा घेऊन कोणीतरी अंगणात तासभर उकिडवं बसलेलं असायचं. आतून कल्हई उडाली, की आंबट पदार्थ त्यात शिजवायचे नाहीत, कारण आंबटाने तांबं सुटतं आणि पदार्थ कळकतो. मग कल्हईवाला यायचा. भाता, निखारे, नवसागराचा धूर आणि कथलाची पांढरी चमक. कल्हईचं हे काम करणारे पुष्कळ कारागीर आपल्याच समाजातले होते. त्याला पैसे मिळायचे, आणि त्याच्याभोवती आम्ही मुलं तमाशा बघायला जमायचो. रोज राखेने घासणाऱ्या दादीभोवती कोणी जमत नव्हतं. स्टील आलं, कल्हईवाला गेला. घासणारे हात त्याच घरात राहिले.

दुसऱ्या दिवसापासून अम्मीने खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली आणि मला शिकवायला घेतलं. तिने जे शिकवलं ते इथे लिहितो, कारण ते कोणत्याही पाककृतीत सापडलेलं नव्हतं.

शेगडी पेटवायच्या आधी सगळं बाहेर काढायचं, मोजायचं, चिरायचं. सालं आणि देठं यांच्यासाठी एक जुनी परात शेजारी ठेवायची, सिंकमध्ये काही टाकायचं नाही. डबा उघडला, चमचा घेतला, झाकण लावलं, डबा जागेवर. “बाद में” हा शब्द स्वयंपाकघरात नाही. आधी भाज्या चिरायच्या, गोश्त सगळ्यात शेवटी, म्हणजे सुरी आणि पाट मध्ये धुवायची वेळ येत नाही, आणि कच्च्या गोश्ताचा हात काकडीला लागत नाही. कांदा तळायला टाकला की तिथून हलायचं नाही. पण भात दमावर गेला, की हातात चांगली पंधरा-वीस मिनिटं असतात. ती मोबाइलची नव्हेत, भांड्यांची. भाताचा गंज रिकामा झाला की लगेच त्यात पाणी ओतायचं. वाळलेली पेज खरवडायला दहापट वेळ लागतो. तेलकट कढई आधी कागदाने पुसायची, मग घासायची, नाहीतर घासणीही तेलकट होते आणि मोरीही. दोन फडकी ठेवायची, एक ओलं आणि एक कोरडं, आणि ओट्याचं फडकं हाताला पुसायचं नाही.

पाचव्या-सहाव्या दिवशी भांडी तेवीसवरून अकरावर आली. अजान झाली तेव्हा ओट्यावर फक्त चहाचं पातेलं होतं. मला वाटलं, जमलं. मग अम्मीने एक प्रश्न विचारला, “आज तुझे किसी ने आवाज दी?” कोणी दिली नव्हती. मुलं ट्यूशनला होती, बायको कामावर. दोन तास मला कोणी हाक मारली नव्हती. मला जमलं त्यातला निम्मा वाटा या शांततेचा होता.

हीच गोष्ट अम्मीच्या बाजूने आठवून बघितली. ती कांदा तळत असताना अब्बांना चहा लागायचा. भजी सोडताना माझा मोजा सापडायचा नाही. भात दमावर गेला, की धुण्याच्या त्या पंधरा मिनिटांत कोणीतरी “एक गरम फुलका और” म्हणायचं. तीस वर्षांत तिला सलग वीस मिनिटं आम्ही कधी दिली नाहीत. तरीही ओटा लख्ख असायचा, कारण रात्री सगळे झोपल्यावर ती तो घासायची. आम्ही त्याला तिचा गुण समजत होतो. खरं तर ती तिची झोप होती.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या मुली-स्त्रियांपैकी ८१.२ टक्के जणी घरातली बिनपगारी कामं करत होत्या, मुलगे-पुरुषांपैकी २६.१ टक्के. ही कामं करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला सरासरी वेळ होता २९९ मिनिटं, आणि ती करणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटं. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तासाच्या थोडं वर. हे आकडे हिंदू-मुस्लीम असे वेगळे नाहीत, आणि आपल्या मोहल्ल्यात ते फार निराळे असतील असं मला वाटत नाही. आपल्या जिल्ह्यात तर पावसाळ्यात रोवणी असते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून धान लावलेली बाई संध्याकाळी घरी येते, तेव्हा सकाळची खरकटी भांडी तशीच तिची वाट बघत असतात. तिच्या स्वयंपाकघराला नावं ठेवायची असतील, तर आधी विचारावं, त्या दिवशी घरात आणखी किती हात होते?

कोणी म्हणेल, एवढ्याशा पसाऱ्याचं काय घेऊन बसलात? पसारा हा नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मीही म्हटलं असतं. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित अन्नाची पाच सूत्रं सांगितली आहेत: स्वच्छता राखा, कच्चं आणि शिजलेलं वेगळं ठेवा, नीट शिजवा, योग्य तापमानाला ठेवा, पाणी आणि कच्चा माल सुरक्षित वापरा. त्यातली पहिली दोन म्हणजे अम्मीची परात, पाट आणि फडकं. चौथं सूत्र आपल्यासारख्या भात खाणाऱ्या जिल्ह्याने लक्षात ठेवायला हवं. भातात बॅसिलस सिरियस नावाचा जंतू असू शकतो. त्याचे बीजाणू उकळल्यानेही मरत नाहीत. शिजलेला भात तासन् तास बाहेर राहिला, की ते वाढतात आणि विष तयार करतात, आणि त्यातलं उलट्या करायला लावणारं विष सकाळी फोडणी दिल्यानेही जात नाही. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, असं ही संघटना सांगते. भंडाऱ्याच्या मे महिन्यात तर त्याहूनही लवकर हलावं. म्हणजे जेवण झाल्यावर उरलेला भात पसरट भांड्यात काढून, लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवणं हे आवरण्याचं काम खरं तर औषधपाण्याइतकं महत्त्वाचं आहे. ते करायला त्या वेळी एक मोकळा माणूस लागतो.

बकरी ईदला हे सगळं दसपट होतं. गोश्त येतं, वाटे पडतात, कलेजी लगेच तव्यावर जाते, आणि त्याच ओट्यावर शीर खुर्म्याचे पेले मांडलेले असतात. कच्चं गोश्त नळाच्या धारेखाली धुतलं तर शिंतोडे आजूबाजूला उडतात, म्हणून अन्नसुरक्षेचे जाणकार तसं धुऊ नका म्हणतात. आपल्याकडे न धुता शिजवणं कोणाला पटणार नाही. अम्मीची रीत मधली आहे. मोठ्या खोल गंजात पाणी घ्यायचं, गोश्त त्यात अलगद हलवायचं, आणि हे मोरीत करायचं, ओट्यावर नाही. नंतर मोरी गरम पाणी आणि साबणाने धुवायची. ईदच्या दिवशी घरातले पुरुष वाटे पोचवायला मोटारसायकलवर फिरत असतात. त्यांतल्या एकाने मागे थांबून ही मोरी धुतली, तर कुर्बानीचा सवाब कमी होईल असं मला वाटत नाही.

आता दीनचा मुद्दा, कारण आपल्या घरांत तो आल्याशिवाय राहत नाही. पाकीला ईमानचा अर्धा हिस्सा मानणारी हदीस आपल्याला लहानपणापासून पाठ असते. पण त्या अर्ध्या हिश्श्याचं रोजचं काम कोण करतं, हे आपण विचारत नाही. सही बुखारीत आणखी एक नोंद आहे. पैगंबर (स.) घरात काय करत, असं हजरत आयेशा यांना विचारलं गेलं. ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजसाठी निघत, असा त्यांच्या उत्तराचा आशय आहे. रात्री भांडी झाकून ठेवण्याची सूचनाही हदीसमध्ये येते. दाढी किती, पायजमा कुठवर, मिसवाक कोणत्या झाडाचं, यावर आमच्याकडे तासभर बोलणारे लोक आहेत. घरकामाच्या या सुन्नतवर पाच मिनिटं बोललेलं मी आमच्या मोहल्ल्यात तरी ऐकलेलं नाही. वजू करताना आपण बोटांच्या बेचक्यांतूनही पाणी फिरवतो. तेच हात जेवून उठल्यावर ताट तिथेच सोडून जातात.

आणखी एक परीक्षा आहे, ती बाहेरची. काही वर्षांपूर्वी नोकरीसाठी आम्ही एका मोठ्या शहरात भाड्याचं घर शोधत होतो. एका घरमालकिणीने नाव ऐकल्यावर बायकोला विचारलं, “तुमच्या किचनमध्ये वास-बीस येत नाही ना?” बायको हसून म्हणाली, “फिनाइलचा येतो.” घर मिळालं नाही. पण त्यानंतर कित्येक महिने, कोणी मराठी मैत्रीण घरी येणार असली, की बायको आदल्या रात्री ओट्याच्या फटी जुन्या ब्रशने घासायची. मुसलमानाचं घर घाण, हा पूर्वग्रह खोटा ठरवायचं काम तिच्या अंगावर पडलं होतं, आणि सासरच्या माणसांना सुगरण म्हणून दाखवायचं काम होतंच. एका ओट्यावर दोन परीक्षा. मी दोन्ही वेळा बाहेरच्या खोलीत पाहुण्यांशी साहित्यावर बोलत होतो. पूर्वग्रहाला ओटा घासून उत्तर देता येत नाही. ओटा स्वच्छ हवा तो आपल्या मुलांच्या पोटासाठी. कोणाला प्रमाणपत्र दाखवायचं म्हणून नव्हे.

यावर एक उत्तर तयार असतं: स्वयंपाकघरच नीट बांधा, सोयी करा. जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये १९२६ साली मार्गारेट श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईने असं एक स्वयंपाकघर आखलं. साधारण १.९ मीटर बाय ३.४ मीटर. हालचाली आणि वेळ यांचा हिशेब करून प्रत्येक वस्तूची जागा ठरवलेली. कामगारांच्या वसाहतींत अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसवली गेली. आज आपल्या फ्लॅटमधला बांधीव ओटा आणि वरची कपाटं त्याच कुळातली आहेत. त्या बाईचा हेतू बायकांचे श्रम वाचवण्याचा होता. पण त्या खोलीत एकच माणूस मावत होता, आणि पुढे टीका झाली ती नेमकी यावर. काम सोपं झालं, तरी ते एकटीचंच राहिलं. आमच्याही घरी ट्रॉल्या बसवल्या, तेव्हा मी मिस्त्रीला म्हटलं होतं, “अम्मीच्या उंचीप्रमाणे करा.” माझी उंची घ्यायची त्यालाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

दुसरं उत्तर म्हणजे भांड्यांना बाई लावा. आम्हीही लावली आहे. तिला आम्ही पैसे देतो, पण ती आपल्या घरी परतते तेव्हा तिच्या मोरीतही भांडी असतात, आणि तिचाही नवरा “चहा टाक” म्हणत असतो. आम्ही आमचा प्रश्न तिच्या घरी पाठवला, एवढंच झालं. निदान तिच्यासाठी ताटं खरवडून, पाणी घालून ठेवावीत, आणि रमजानात तेलकट भांड्यांचा ढीग दुप्पट होतो तेव्हा पगारही त्या हिशेबाने द्यावा. याहून चांगलं उत्तर अजून मला सापडलेलं नाही.

आणि “पुरुष आले की पसारा वाढतो” हा आक्षेप? तो खरा आहे. माझी तेवीस भांडी त्याचा पुरावा. पण अम्मीलाही लग्नाच्या पहिल्या वर्षी जमत नव्हतं, हे तिने मला या रमजानात पहिल्यांदा सांगितलं. तिच्या सासूने शिकवलं आणि रागावलीही. मला कोणी रागावलं नाही, म्हणून मी शेहेचाळीस वर्षं शिकलो नाही.

आता आमच्या घरी चार गोष्टी ठरल्या आहेत. जेवणारा आपलं ताट खरवडून, पाणी घालून ठेवतो. शेगडी चालू असताना शिजवणाऱ्याला हाक मारायची नाही. चहा हवा असेल तर नंतर, स्वतः करायचा. जो शिजवतो तो त्या वेळी घासत नाही, दुसरा घासतो. आणि अजानच्या दहा मिनिटं आधी शेगडी बंद. जे झालं असेल तेवढ्यावर रोजा सुटेल. या शेवटच्या नियमाला मुलाने विरोध केला, कारण त्याला भजी कढईतून थेट हवी असतात. आता तो थोडी गार भजी खातो. त्याला काही झालेलं नाही.

सत्ताविसाव्या रोज्याला अजान झाली तेव्हा अम्मी दस्तरखानवर आमच्या आधी येऊन बसली होती. खजूर डाव्या हातात. मी कधी नव्हे ते तिच्याकडे बघत होतो. एरवी अजानच्या वेळी ती दारातूनच काहीतरी सरकवत असायची, आणि खजूर तोंडात टाकून पुन्हा आत जायची. जेवण झालं. मुलीने ताटं उचलली, मुलाने भात पसरट भांड्यात काढला, मी ओटा पुसला. सगळं झाल्यावर अम्मी हळूच उठली, आत गेली आणि पालथी घातलेली कढई डाव्या हाताने उलटून बघितली.

“पेंदा रह गया,” ती म्हणाली, आणि परत येऊन बसली. कढई घ्यायला मी उठलो.